फिकट चिपा

"ताई गावाला गेल्यात का?" वरच्या मजल्यावरच्या काकांनी सकाळी जिन्यात मला अडवून विचारलं. माझा एक हात पर्समध्ये बसचा पास शोधत होता, दुसऱ्या हातात डबा होता, आणि उशीर तर काय रोजचाच. "नाही हो, घरातच आहे," मी म्हटलं. काका जन्मभर नकाशे काढून निवृत्त झालेले. काहीही बोलायच्या आधी चष्मा पुसायची सवय. त्यांनी चष्मा पुसला. "नाही, बरेच दिवस भांडल्या नाहीत, म्हणून विचारलं आपलं," असं म्हणून ते दुधाची पिशवी सांभाळत वर गेले. मला हसू आलं. फाटकापर्यंत मी हसतच गेले. बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली, बस सुटली, आणि मग लक्षात आलं की हसू कधीच ओसरलंय आणि काकांचा प्रश्न तेवढा उरलाय.

काका आणि ताई यांचं भांडण आम्ही या घरात राहायला आल्यापासूनचं. काका कपडे नीट पिळत नाहीत, त्यांचं पाणी आमच्या गॅलरीत ठिबकतं, आणि ठिबकतं ते नेमकं ताईच्या खुर्चीवर. ताई माझी सख्खी बहीण, माझ्याहून बरीच मोठी. आई गेली तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते. माझ्या वेण्या घालण्यापासून माझ्या मास्तरांशी हुज्जत घालण्यापर्यंत सगळं तिनेच केलं, आणि त्या धबडग्यात तिचं लग्न राहून गेलं की तिनेच ते राहू दिलं, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही. मी लग्न ठरवूनच केलं नाही. तेव्हा घरात आम्ही दोघीच. ताई मुलांना पोहायला शिकवायची. तलावाच्या या काठावरून त्या काठापर्यंत, पाण्यात डोकं घातलेल्या पोराच्याही कानात शिरावा असा आवाज तिने कमावला होता, आणि घरी आल्यावर तो काढून ठेवायची काही सोय नव्हती. जेवताना मीठ मागितलं तरी शेजारचे दचकायचे. गॅलरीत पहिला थेंब पडला की ती वर तोंड करून म्हणायची, "अहो नकाशेवाले, समुद्र कुठे दाखवायचा ते शिकवलं होतं ना तुम्हाला?" वरून काका म्हणायचे, "बाई, भूगोल तुमचा प्रांत नाही." मग दोघं यथेच्छ तोंडसुख घ्यायचे. माझे कान किटून जायचे. मी आतून म्हणायची, "ताई, जरा हळू गं," आणि ती तेवढ्याच मोठ्याने म्हणायची, "हळूच तर बोलतेय."

ती शेवटची कधी भांडली, हे मी बसमध्ये आठवत राहिले. आठवेना. एखादी गोष्ट सुरू झालेली आठवते, संपलेली आठवत नाही. दात दुखायचा थांबला तो क्षण कुठे कुणाच्या लक्षात राहतो. मला एवढंच माहीत होतं की गेले काही महिने घरात छान वाटत होतं. मी एक दिवा आणला होता, वाचायच्या खुर्चीमागे ठेवायला. संध्याकाळी रेडिओ लावून वाचत बसायची. ऑफिसात कुणीतरी विचारलं तेव्हा मी मोठ्या कौतुकाने सांगितलंही होतं, "ताई हल्ली निवळलीय." आणि आणखी एक. मला वाटत होतं की मीच हल्ली खुलले आहे. मी घरात बोलत असे, ऑफिसातल्या गमती सांगत असे, चक्क गुणगुणत असे. या वयात आपल्याला पालवी फुटली म्हणून मी स्वतःवर खूश होते. ताई रागवायचीही. रागावणं काही थांबलं नव्हतं, मी ते मनातल्या मनात तपासून पाहिलं. बाथरूमचा दिवा चालू राहिला की सगळ्यात जास्त, ओला टॉवेल पलंगावर टाकला की त्याखालोखाल, पाव उघडा राहिला की त्याहून कमी. क्रम तोच होता. ज्याचा राग पहिला त्याचा अजूनही पहिलाच. माझी ताई होती तिथेच होती, मग काका काय म्हणत होते?

माझं काम कुणाला सांगितलं की समोरचा जांभई देतो, म्हणून मी सांगायचं सोडून दिलंय. पण ताईला एकदा सगळं सांगितलं होतं. एका मोठ्या इस्पितळाच्या मागच्या बाजूला, धुलाईघराच्या डोक्यावर, आमची प्रयोगशाळा आहे. नखाएवढ्या काचेच्या चिपेवर हजारो ठिपके असतात, एकेका ठिपक्यावर एकेक जनुक. माणसाच्या शरीराचा इवलासा तुकडा घेतात, त्यातला अर्क त्या काचेवर पसरतात, आणि जे जनुक जास्त काम करत असेल त्याचा ठिपका जास्त उजळतो. यंत्र तो उजेड मोजतं आणि आकड्यांचा डोंगर माझ्याकडे येतो. आता गंमत अशी की उजेड नुसत्या जनुकावर ठरत नाही. रंग जुना असला, हात थरथरला, यंत्र तापलं, की अख्खी चिपच फिकी किंवा भडक येते. तशा चिपा एकमेकींशी ताडून बघायच्या कशा? म्हणून संख्याशास्त्रज्ञाकडे जायच्या आधी मी त्या सगळ्या एका पातळीवर आणते. प्रत्येक चिपेवरचे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत उभे करायचे. सगळ्या रांगांतल्या पहिल्यांची सरासरी काढायची आणि ती प्रत्येक पहिल्याला द्यायची, दुसऱ्यांची दुसऱ्याला, असं शेवटपर्यंत. रांगेत कोण कुठे उभं आहे ते बदलत नाही. एक रांग उंच आणि एक बुटकी, एवढा प्रकार मात्र संपतो. यामागे एक समजूत आहे, ती सगळे मान्य करूनच बसलेले असतात: माणूस आजारी असो की धडधाकट, त्याची बहुतेक जनुकं काही बदलत नाहीत, बदलतात ती थोडी. ताईने हे सगळं हाताची घडी घालून ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे सगळ्यांना गणवेश चढवायचं काम. पगार देतात याचा?"

त्या दिवशी माझ्यापुढे एका स्नायूंच्या आजाराच्या चिपा होत्या. या आजारात माणूस हळूहळू दुबळा होत जातो. कारण कुणाला नक्की माहीत नाही. पहिली खेप मी आधीच सारखी करून दिली होती, आणि तिच्यातून काही जनुकं रुग्णांमध्ये भलतीच चढलेली निघाली होती. आमच्या प्रमुख बाई त्यामुळे हरखून गेल्या होत्या. चढलेल्यांना दाबणारं औषध करता येईल, आधी प्राण्यांवर आणि मग माणसांवर, इथवर त्यांची गाडी पोचली होती. दुसरी खेप फक्त खात्री करायला. मी ती उघडली. धडधाकट माणसांच्या चिपा एका उंचीवर, रुग्णांच्या सगळ्या खाली. एखाददुसरी नव्हे, झाडून सगळ्या. पहिल्या खेपेतही असंच होतं, मला आठवलं; तेव्हाही मी हात चालवला होता आणि सगळ्या वर उचलल्या होत्या. रोज पन्नास वेळा करायच्या कामाकडे कोण निरखून बघतं? आज मात्र बोट बटणावर ठेवून मी थांबले. काकांचा प्रश्न काही डोक्यातून हलत नव्हता.

चिपा बनवणाऱ्याला आम्ही चिपवाला म्हणतो. उंच, किडकिडीत, नाकावर राग. मी खाली जाऊन त्याला म्हटलं, "तुझ्या रुग्णांच्या चिपा परत फिक्या आल्यात."

तो हातमोजे काढता काढता म्हणाला, "माझ्या चिपा फिक्या येत नाहीत."

"अरे, दाखवू का?"

"दाखव की. पण आधी माझा थेंब बघून ये. थेंब फिका असेल तर मी कान धरतो."

थेंबाची हकीकत अशी. स्नायूचा तुकडा तोलून सगळ्यांचा सारखा घ्यायचा, आणि अर्क काढताना प्रत्येकात एका जंतूच्या जनुकाचा मोजलेला थेंब सोडायचा. माणसाच्या अंगात ते जनुक नसतंच. चिपेवर त्याचे वेगळे ठिपके असतात. चूक यंत्राची किंवा हाताची असेल, तर त्या थेंबाचे ठिपकेही बाकीच्यांसारखेच फिके यायला हवेत. आता हे सगळं मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण आमच्या कामाची पहिलीच पायरी अशी आहे की थेंबाचे ठिपके गाळून टाकायचे, कारण ते माणसाचे नव्हेत, सरासरीत लुडबूड करतात. घासाबरोबर आलेला खडा काढावा तसे आम्ही ते काढतो आणि मग त्यांचं नावही घेत नाही. मी वर आले. गाळलेलं परत घेतलं. रुग्णांच्या प्रत्येक चिपेवर थेंबाचे ठिपके लखलखीत होते, धडधाकट माणसांच्या चिपांवर होते तितकेच. यंत्र नीट होतं. चिपवाल्याचा हात नीट होता. ही माणसंच मंद झाली होती, आतून, सगळीकडे, एकसारखी. बहुतेक जनुकं बदलत नाहीत ही समजूत या आजाराला लागू नव्हती. आणि ती जी चढलेली जनुकं सापडली होती, ती चढलेली नव्हतीच. बाकी सगळी खाली गेली आणि ती तेवढी आपल्या जागी राहिली. मी सगळ्यांना वर उचललं, त्यांच्याबरोबर तीही उचलली गेली, म्हणून उंच दिसली. गप्प झालेल्या घरात जो आधीच्याच आवाजात बोलतो तो ओरडतोय असं वाटतं.

हे वाक्य मनात आलं आणि मी खुर्चीत मागे टेकले. खिडकीखाली धुलाईघराची वाफ निघत होती, कुणीतरी चादरींची गाडी ढकलत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. मी खुलले नव्हते. मला कसलीही पालवी फुटली नव्हती. मी होते तेवढीच होते. आज सकाळी गॅलरीतून घाईने रुमाल काढताना ताईची खुर्ची मला दिसली होती. तिच्या बैठकीवर पाणी साठलं होतं. काका कपडे तसेच न पिळता वाळत घालत होते, पाणी तेवढंच पडत होतं, त्यात एका थेंबाचाही फरक नव्हता. फरक होता तो खाली. मी ते पाणी बघितलं, रुमाल घेतला आणि निघाले. मला काही खटकलंच नाही. मग एकेक आठवत गेलं. पाव आणायला ती कोपऱ्यावर जायची, ते हल्ली मीच आणते. का? ती म्हणाली, "तू येताच आहेस ना त्या बाजूने," आणि मला ते पटलं. तिचं जेवण कमी झालं; ती म्हणाली, वयाने भूक मरते. सूप अळणी झालं. म्हटलं, बरंच आहे, मीठ कमीच बरं. झोपायची ती खुर्चीत. म्हटलं, वाचता वाचता डोळा लागला असेल. सुटं सुटं सगळं पटण्यासारखं होतं. एकच गोष्ट खाली गेली असती तर मी पहिल्या दिवशी ओरडले असते, ताई तुझा पाय का दुखतोय, ताई तुझा घसा का बसलाय. पण सगळंच बरोबरीने उतरत गेलं, आणि प्रत्येक वेळी मी हात चालवून ते वर उचलून घेतलं. मला माझ्या बहिणीची भीती वाटायला लागली, म्हणजे तिच्यासाठी. अगदी स्वच्छ, साधी भीती.

मी घरी फोन लावला. ताईने उचलला, पण बराच वेळ घंटी वाजल्यावर. "काय गं?" ती म्हणाली. "काही नाही, सहज," मी म्हटलं. "सहज फोन कधीपासून करायला लागलीस?" ती म्हणाली, आणि हे म्हणताना मध्ये थांबली. 'सहज फोन' आणि 'कधीपासून' यांच्यामध्ये. मी कानाला फोन दाबून धरला होता. किती दाबलाय ते मग कळलं, कान दुखायला लागला तेव्हा. हेही मी रोजच करत असणार. तिचा आवाज उतरत गेला तशी मी रेडिओ बारीक करत गेले असणार, मान पुढे काढत गेले असणार, एखादं वाक्य परत विचारत गेले असणार, आणि हे सगळं इतकं नकळत की माझ्या कानाला तो आवाज होता तेवढाच वाटत राहिला.

प्रमुख बाईंकडे जाणं भाग होतं. त्या बोलायला मऊ आहेत, आणि त्यामुळेच त्यांच्यापुढे वाईट बातमी सांगणं जड जातं. त्यांनी विचारलं, "सारखं करून पाठवलंस?"

"नाही. यावेळी नेहमीसारखं सारखं नाही करता येणार," मी म्हटलं, आणि थेंबाचं सगळं दाखवलं. "थेंब धरून पातळी ठरवायला हवी. पहिल्या खेपेचीसुद्धा."

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. "मग ती चढलेली जनुकं?"

"चढलेली नाहीत. तेवढीच शाबूत आहेत."

"आणि आपण त्यांनाच दाबायचं औषध काढत होतो."

"हो."

त्यांनी समोरची वही मिटून बाजूला ठेवली. खरं तर त्यांचं वर्षभराचं स्वप्न मी त्यांच्या टेबलावर पुसून ठेवलं होतं, आणि एरवी मी तिथे उभी राहून उगाच समजुतीचं काहीतरी बोलले असते. त्या दिवशी माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं झालं आत्ता कळलं. माणसांना दिलं असतं म्हणजे?" मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तुला बरं नाहीये का?" मी म्हटलं, "मला बरं आहे. मला घरी जायचंय." त्यांनी कारण विचारलं नाही. त्या माणूस म्हणून चांगल्या आहेत, हे मी कधी सांगत नाही ते इथे सांगून टाकते.

घरी आले तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. ताई माझ्या वाचायच्या खुर्चीत बसली होती, पाठीमागे दोन उशा, अंगात स्वेटर. बाहेर लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते. "लवकर आलीस," ती म्हणाली. मी दारातच उभी राहिले. मुद्दामच. एक पाऊल पुढे टाकलं नाही, मान पुढे काढली नाही, वाक्य मनातल्या मनात पुरं करून घेतलं नाही. जे ऐकू आलं तेवढंच घेतलं. ऐकू आलं ते फारच थोडं होतं. तिचा चेहराही मी तसाच बघितला. डोळ्यांखाली सूज होती, ओठांचा रंग गेला होता. ही बाई रस्त्यात दिसली असती तर मी तिला हात देऊन बाकावर बसवलं असतं.

"ताई, तुला काय होतंय?" मी विचारलं.

"काय व्हायचंय."

"काकांशी का भांडत नाहीस?"

ती जरा हसली. "त्याने चुगली केली वाटतं." मग खिडकीकडे बघत, टोमॅटो संपलेत म्हणून सांगावं तशा सुरात म्हणाली, "दम लागतो गं. एक वाक्य पुरं करायचं तर मध्ये थांबावं लागतं. भांडताना मध्ये थांबून कसं चालेल? तो नकाशेवाला हसेल मला."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. आडवं पडलं की गुदमरतं. म्हणून खुर्चीत बसते रात्रीची."

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?" माझा आवाज चढला, आणि तो खरोखर चढला होता. "मी इथेच होते ना, ताई? या एवढ्याशा घरात?"

तिने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मला ताप आला की ती माझ्याकडे असंच बघायची, आधी नुसतं बघायची आणि मग हात लावायची. "तू किती खूश होतीस गं," ती म्हणाली. "घर शांत झालं म्हणून. दिवा काय आणलास, गाणी काय ऐकायचीस." ती थांबली, श्वास घेतला. "मला वाटलं, जन्मभर माझा आरडाओरडा ऐकत आलीय बिचारी. होऊ दे चार दिवस तिच्या मनासारखं."

मला तिथेच खाली बसावंसं वाटलं, मोठ्याने रडावंसं वाटलं. त्यातलं काही मी केलं नाही, कारण मी रडले असते तर ती उठून माझ्यासाठी पाणी आणायला निघाली असती. मी टॅक्सीला फोन केला. इस्पितळात आमच्याच इमारतीच्या पुढच्या बाजूला हृदयाचे डॉक्टर बसतात, त्यांना फोन केला. दाराजवळून तिचे बूट आणले आणि तिच्यापुढे जमिनीवर बसले. पाय हातात घेतला तर तो मला ओळखीचा वाटेना. घोटा दिसतच नव्हता. बोट टेकलं तिथे खळगा पडला आणि तो भरून येईना. बूट टाचेपर्यंतही जाणार नव्हता. मी माझ्या सैल चपला काढल्या आणि त्यांतली एक तिच्या पायात घातली.

आता ती म्हणेल, ते डॉक्टर लुटारू आहेत, मी वाट बघितली. इस्पितळाला वास येतो म्हणेल. तू मला शिकवू नकोस, मी तुझी वेणी घातलीय, म्हणेल. हृदयबिदय काही नाही, गॅस झालाय, उद्या बघू, म्हणेल. दुसरी चप्पल हातात धरून मी तशीच बसून राहिले, तिने निदान एकदा नाही म्हणावं म्हणून. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. ताईने माझ्या खांद्यावर हात टेकला आणि निमूटपणे दुसरा पाय पुढे केला.